लहान मुलं असलेल्या घरात व्हीगन पुस्तकातल्या पाककृती खरंच जमतात का?

तुम्ही विचारलंय की घरात दोन लहान मुलं आहेत, व्हीगन (म्हणजे मांस-अंडीच नव्हे, दूध-तूपही नसलेल्या) पाककृतींचं पुस्तक भेट आलंय, तर त्यातलं रोजच्या रोज करणं झेपेल का. आमची मुलं सात आणि तीन वर्षांची. धाकट्याला गाईच्या दुधाची ॲलर्जी निघाली, तेव्हा असंच एक जाडजूड अमेरिकी पुस्तक आमच्याकडे आलं. स्वयंपाक बराचसा मीच करतो, त्यामुळे प्रयोगही माझे आणि बोलणीही मलाच. झेपतं, पण पुस्तकाबरहुकूम नाही.

पहिले दोन आठवडे मी नुसता सामान शोधत फिरलो. केल नावाची परदेशी पालेभाजी, मेपल सिरप, आणि न्यूट्रिशनल यीस्ट, म्हणजे चीजसारखी चव आणणारी वाळवलेल्या यीस्टची पूड. यीस्टचा चिमुकला डबा आणला तर बायको म्हणाली, एवढ्यात किती तूरडाळ आली असती. मग हळूहळू अदलाबदल सुचत गेली. केलऐवजी मेथी नाहीतर शेवग्याचा पाला, मेपल सिरपऐवजी काकवी, ताहिनीऐवजी भाजलेल्या तिळाचं वाटण. अंड्याच्या जागी पुस्तक जवस सांगतं: एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवायची, की बुळबुळीत होऊन पीठ बांधून ठेवते. हे मात्र हुबेहूब जमतं. यीस्टला काही पर्याय मिळाला नाही. आता ते नाव दिसलं की मी पान उलटतो.

मापांकडे नीट बघा. त्यांचा कप 240 मिलिलिटरचा, आपली आमटीची वाटी त्याहून लहान. आणि ओव्हनचं 350 म्हणजे फॅरनहाइट, आपल्याकडचं साधारण 180 सेल्सिअस. माझ्या ओव्हनचा काटा 250 च्या पुढे जातच नाही, म्हणून मी तो तिथेच लावून मोकळा झालो. कुकीजचा कोळसा झाला.

मुलांनी सपशेल नाकारलेला प्रकार म्हणजे बटाटा, गाजर आणि काजू वाटून केलेलं 'चीज'. उकडलेला बटाटा मिक्सरमध्ये जास्त फिरवला की त्याची चिक्की होते, म्हणजे खायची नव्हे, चिकटवायची. थोरलीने एक घास घेतला आणि विचारलं, "बाबा, ही खळ आहे का?" टोफूचंही (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) तसंच. पनीर म्हणून वाढलात तर फसवल्याचा राग येतो. चुरून, कांदा-टोमॅटो घालून भुर्जी केली तर कुणी चौकशी करत नाही.

माझी आई सांगलीहून आली होती. पुस्तकात बघून मी 'चिकपी पॅनकेक', म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचे, करत होतो. तिने तव्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "धिरडंच की रे हे. ह्याला पुस्तक कशाला लागतंय?" तिचं खरं होतं. पिठलं-भाकरी, थालीपीठ, मटकीची उसळ, शेंगदाण्याची आमटी, सोलकढी. वरचं तूप, लोणी, दही बाजूला ठेवलं तर सगळं व्हीगनच. आमच्याकडे आठवड्याचे पाच दिवस हेच असतं. पुस्तक फक्त शनिवार-रविवारी उघडतं.

खरी अडचण दह्याची. धाकट्याला दहीभात हवाच असायचा. शेवटी शेंगदाण्याचं दही जमलं: एक वाटी दाणे रात्रभर भिजवून, सालं काढून, तीन वाट्या पाण्यात वाटायचे, गाळून उकळायचं, कोमट झालं की हिरव्या मिरचीचे चार-पाच देठ टाकून उबेला ठेवायचं. पहिलं विरजण पातळच लागतं. त्यातलंच चमचाभर पुढच्या खेपेला घातलं की घट्ट होत जातं. नुसतं खाल्लं तर दाण्याचा वास येतो, पण मीठ आणि हिंग-मोहरीची फोडणी दिलेल्या भातात कळत नाही.

केक मात्र पुस्तकातलाच करा. मापाचे दीड कप मैदा, एक कप साखर, तीन मोठे चमचे कोको, एक लहान चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ. त्यात एक कप पाणी, पाच मोठे चमचे तेल, थोडा व्हॅनिला आणि शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर. ढवळून लगेच ओव्हनमध्ये, 180 वर अर्धा तास. रेंगाळलात तर सोड्याचा फेस बसतो आणि केकही बसतो. ढवळायचं काम मुलांना द्या, कोको भिंतीपर्यंत जाईल, जाऊ दे.

दोन गोष्टी गंमतीच्या नाहीत. मुलांना पूर्णच व्हीगन ठेवणार असाल तर बी-12 जीवनसत्त्व डाळी-भाज्यांतून मिळत नाही, ते बालरोगतज्ज्ञांना विचारून वेगळं द्यावं लागतं. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आहेत. पण नुसत्या उसळी-पालेभाज्यांनी लहान पोट लवकर भरतं आणि ताकद कमी पडते, म्हणून तेल, दाण्याचं कूट, खोबरं सढळ हाताने घाला. पुस्तकात जिथे तिथे अख्खे काजू-बदाम असतात, ते इतक्या लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. कूट करूनच द्या.

दुसरी गोष्ट पाकिटांची. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, दूध नसलेलं नव्हे; बिस्किटांत दुधाची पावडर सर्रास असते. 2022 च्या नियमांपासून व्हीगन पदार्थांसाठी वेगळं हिरवं 'व्ही' चिन्ह आहे. तरी ॲलर्जी असेल तर मागची बारीक अक्षरं वाचाच.

आणि चहाचं म्हणाल, तर सोया, बदाम, नारळ, तिन्ही दुधं घालून पाहिली. नारळाचा तर वर तवंगच आला. मुलं झोपली की मी म्हशीच्या दुधाचाच पितो.