चावी फिरवली, पण इंजिन गप्प

प्रश्न : बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीची चावी फिरवली की नुसता टकटक आवाज येतो, इंजिन फिरत नाही. घरी काय तपासावे?

उत्तर : लागोपाठ टकटक होणे हे बहुधा बॅटरी उतरल्याचे लक्षण असते, स्टार्टर (इंजिनाला पहिली गती देणारी मोटर) बदलण्याची घाई कृपया करू नका. चावी बंद ठेवून आधी बॅटरीचे टर्मिनल, म्हणजे वायर जोडलेली टोके, हलवून पाहा, कारण सैल पकड किंवा साचलेला पांढरा-हिरवा थर चांगल्या बॅटरीचाही प्रवाह अडवतो. तो साफ करताना ऋण (−) टोकाची वायर प्रथम काढावी. मग बॅटरीच्या दोन्ही टोकांना मल्टीमीटर (व्होल्ट मोजणारे उपकरण) लावा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२ च्या खाली ती उतरलीच समजावी. हेडलाइट प्रखर राहून एकच ‘टक्’ आला, तर मात्र संशय स्टार्टरवर किंवा त्याच्या जोडणीवर घ्यावा.