अनुभवी सर्जनला कोच कशाला हवा?

खेळाडूला लागतो, मग सर्जनला का नको? बोस्टनचे सर्जन अतुल गावंडे (वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले) यांनी आठ वर्षं ऑपरेशनं केल्यावर आपल्याच निवृत्त गुरूंना ऑपरेशन थिएटरात उभं केलं. थायरॉइडचं ऑपरेशन उत्तम झालं असं त्यांना वाटत होतं. गुरूंनी टिपलं: दिवा जखमेवरून सरकलेला, कोपर खांद्याच्या उंचीला! स्वतःला हे कधी दिसणार?

थकवा, करिअरची कोंडी यासाठीचा कोच वेगळा; तो बोलून वाट काढतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या २०१९ च्या चाचणीत ८८ डॉक्टर होते (सर्जन नव्हेत, फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ वगैरे). फोनवरच्या सहा सत्रांनी मानसिक थकवा घटला. फक्त, कोच म्हणून आपल्याच विभागप्रमुखांना (एचओडी) नेमू नका. त्यांच्यापुढे मन कोण मोकळं करणार?