३२ लाखांचं पॅकेज: हातात किती, आणि सोलापुरात राहून जमेल का?

जुळे सोलापूरच्या सदस्याचा प्रश्न असा: हैदराबादच्या बड्या टेक कंपनीची ३२ लाखांची ऑफर आहे (फिक्स्ड २०, बोनस २, जॉइनिंग बोनस २, शेअर्स वर्षाला ८). महिन्याला २ लाख ६६ हजार धरून फ्लॅटचं कर्ज काढावं का? आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम आहे, तर सोलापुरातच राहता येईल का?

३२ ला १२ ने भागू नका. फिक्स्ड २० लाखांत बेसिक १० लाख धरा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १ लाख २० हजार आणि ग्रॅच्युइटी ४८ हजार (बेसिकच्या ४.८१ टक्के) याच २० लाखांतून जातात. मग तुमचा तेवढाच पीएफ, व्यवसाय कर २,४०० आणि २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीने दीड लाखाच्या वर आयकर. उरतात महिना १ लाख २९ हजारांच्या आसपास. ईएमआय याच आकड्यावर बसवा. भाडेपावत्या जमवत बसू नका, नव्या प्रणालीत घरभाड्याची सूट नाही.

जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत मागतात. कर कापून हातात आलेली रक्कम परत करायची की कर कापण्याआधीची, हे पत्रात वाचा. बहुतेक भांडणं तिथेच होतात.

शेअर्सचं खरं त्रांगडं पुढे आहे. ते साधारण चार वर्षांत टप्प्याटप्प्याने व्हेस्ट होतात, म्हणजे खरोखर तुमच्या नावावर येतात. पुष्कळ ठिकाणी पहिलं वर्ष भरेपर्यंत एकही मिळत नाही. व्हेस्ट झालेल्या दिवसाचा भाव पगारात धरला जातो आणि करापोटी काही शेअर्स तिथेच विकले जातात. उरलेले अमेरिकी कंपनीचे असतील तर ती परदेशी मालमत्ता झाली. फॉर्म १६ बघून आयटीआर-१ भरून देणारे अनेक आहेत, तो इथे चालत नाही. आयटीआर-२ भरून शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) मध्ये नोंद करावी लागते, एकही शेअर विकला नसला तरी, आणि तीही जानेवारी ते डिसेंबर या वर्षाची. विकताना खरेदी किंमत म्हणजे व्हेस्टच्या दिवसाचा भाव. शून्य धरलात तर त्याच रकमेवर दुसऱ्यांदा कर भराल. २४ महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के, आधी विकल्यास स्लॅबप्रमाणे.

सोलापुरात राहण्याचं म्हणाल तर अवघड आहे. रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर, आणि तीन दिवसांची हजेरी कार्डच्या स्वाइपवरून मोजली जाते. मॅनेजर तोंडी ‘चालेल’ म्हणाला तरी एचआरच्या नोंदीत बेस लोकेशन हैदराबादच राहतं, आणि मॅनेजर बदलला की तो शब्दही गेला. ऑन-कॉल (यंत्रणा बिघडली की वेळी-अवेळी कामाला लागायची पाळी) असेल तर विचारून घ्या: किती आठवड्यांनी पाळी येते, अलर्टला किती मिनिटांत उत्तर द्यायचं. लाईट गेली की इन्व्हर्टरवर घरचा राउटर चालतो, पण गल्लीतला फायबरचा बॉक्सही बंद पडू शकतो. दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटसाठी ठेवा, आणि व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कला जोडणारं सुरक्षित कनेक्शन) त्यावर चालतं का ते पाळी यायच्या आधीच तपासा.