फायब्रोस्कॅन ९.८ आलं, आता बायोप्सी करावीच लागेल का?

तुमचा प्रश्न वाचला: फॅटी लिव्हर, फायब्रोस्कॅनवर (लिव्हर किती कडक आहे ते मोजणारी तपासणी) ९.८, आणि ‘घरचे म्हणतात बायोप्सी करून टाका’. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. आमच्याकडे घरचे म्हणजे दादा.

मला हिपॅटायटिस बी आहे. मध्यंतरी एसजीपीटी (लिव्हरला सूज आली की रक्तात वाढतं ते) अचानक ३८० वर गेलं आणि त्याच आठवड्यात माझं फायब्रोस्कॅन झालं, तेही भरल्या पोटी, कारण उपाशी यायचं हे कुणी सांगितलंच नाही. आकडा आला १५.६. खाली छापलेलं, एफ४, म्हणजे व्रणांची शेवटची पायरी, सिरोसिस. रिपोर्ट दादाच्या हाती पडला आणि संध्याकाळपर्यंत झाडून सगळ्या नातेवाइकांना माझा सिरोसिस कळला. आई माझ्या खोलीत पाय न वाजवता यायला लागली.

दादाचा हेका एकच: “टिचक्या मारणारं मशीन काय सांगणार? सुई घातल्याशिवाय खरं कळत नाही.” मशीनवर विश्वास नाही म्हणे, पण सिरोसिसची बातमी त्याच मशीनच्या भरवशावर पसरवली होती!

टिचक्या मारतं हे खरंय. बरगड्यांच्या मधून टिचकी मारायची आणि लहर लिव्हरमधून किती वेगाने जाते ते मोजायचं. लिव्हर जितकं कडक तितका वेग जास्त. पण कडकपणा म्हणजे व्रणच (लिव्हरमध्ये जखमा भरून उरलेले कडक डाग) असं नाही. सूज असली, नुकतंच जेवण झालं असलं, पित्त तुंबलं असलं, हृदय कमजोर असल्याने लिव्हरमध्ये रक्त साचलं असलं, तरी आकडा चढतो. माझ्यात यातल्या पहिल्या दोन गोष्टी एकत्र होत्या.

डॉक्टरांनी दादाला शांतपणे विचारलं, “औषध तर आत्ताच सुरू करतोय, बायोप्सीने त्यात काय बदलेल?” दादाकडे उत्तर नव्हतं. पाच महिन्यांनी एसजीपीटी ३४ वर आल्यावर, उपाशीपोटी, तेच स्कॅन: ६.९. फिब-४ (वय आणि रक्ततपासणीवरून व्रणांचा अंदाज देणारा आकडा) आधी २.३३ होता, तो ०.९८ झाला. आणि सुईने येतो तो तुकडा लिव्हरचा साधारण ५० हजारावा भाग असतो. व्रण सगळीकडे सारखे नसतात, तेव्हा सुईसुद्धा चुकते. दादा, वाचत असशील तर हे तुझ्यासाठी.

तुमचं ९.८ अधलंमधलं आहे. फॅटी लिव्हरमध्ये ८ च्या खाली असेल तर जास्त व्रण नसण्याचीच शक्यता मोठी, १२ च्या वर असेल तर शंका दाट. घरबसल्या फिब-४ काढा: वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसोबतच रिपोर्टवर असतं), भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). १.३ च्या खाली आला तर बरं. पासष्टीनंतर ही रेषा २ धरतात. २.६७ च्या वर गेला तर थेट लिव्हरच्या डॉक्टरांकडे. स्कॅनच्या रिपोर्टवर आयक्यूआर (मोजमापांमधली तफावत) ३० टक्क्यांच्या आत आहे का बघा, आणि पुन्हा कराल तेव्हा किमान तीन तास काही खाऊ नका. सोनोग्राफी नॉर्मल आहे म्हणून मात्र निवांत राहू नका, व्रण तिथे सहज निसटतात.

बरं, बायोप्सी अगदीच निरुपयोगी नाही. ऑटोइम्यून हिपॅटायटिसची (शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते तो आजार) शंका असेल किंवा दोन तपासण्या दोन टोकांची उत्तरं देत असतील, तर ती लागते. पोटात पाणी असेल तर हे स्कॅन नीट होत नाही. वय पस्तिशीच्या आत असेल तर फिब-४ वर फार विसंबू नका. आणि मी डॉक्टर नाही.

दुसरा रिपोर्ट मी दादाला लगेच पाठवला होता. त्याने नुसता अंगठा पाठवला. नातेवाइकांना अजून कुणी काही कळवलेलं नाही.