कडुनिंबाच्या पाल्यातली चांदी

प्रश्न : नात मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करते. कडुनिंबाच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) करून तिनं दात किडवणारे जंतू मारले म्हणे. धाकटा नातू पाच वर्षांचा, त्याच्या दोन दाढा किडल्यात. ते पाणी त्याला चूळ भरायला दिलं तर? चांदीचा वर्ख तर आपण मिठाईवरून खातोच.
— एक आजी, सांगली

उत्तर : आजी, नातीला शाबासकी द्या, पण ती बाटली घरी आणू देऊ नका.

सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यासारख्या नितळ द्रावणात पाल्याचा गाळलेला अर्क घातला, की रंग आधी पिवळसर, मग कोऱ्या चहासारखा होत जातो. पाल्यातली पॉलिफेनॉलसारखी द्रव्यं चांदीचे कण घडवतात आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना वेढूनही बसतात. एरवी या कामाला लागणारी कडक रसायनं टळतात, म्हणून ही पद्धत ‘हरित’. पण चांदी झाडातून येत नाही हो, ती येते सिल्व्हर नायट्रेटमधून. कॉलेजात ते माझ्या बोटांना लागलं होतं. काळे डाग धुऊन जाईनात, कातडी झडली तेव्हा गेले. त्यातलं थोडं जरी अर्कात तसंच उरलं, तर ते पोराच्या तोंडात जायचं. वर्खाशी त्याची तुलना नको.

नातीनं प्लेटवर जंतू वाढवले, मध्ये तिचे थेंब सोडले आणि भोवती जंतूविरहित स्वच्छ कडं उमटलं, असंच ना? ते कडं पाहून मीही हरखले असते. पण दात किडवणारा मुख्य जंतू, स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, तोंडात असा उघड्यावर बसत नाही. साखरेपासून तो चिकट जाळं विणतो नि आत दडतो. सकाळी दात घासण्याआधी दातावरून नख फिरवून बघा, पांढुरकं बुळबुळीत लागेल, तेच ते. त्याच्याखाली आम्ल साचतं, पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) ५.५च्या खाली गेला की एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, विरघळायला लागतं. वरून भरलेली चूळ लाळेबरोबर निघून जाते.

आता गंमत सांगते. दंतवैद्य म्हणून चांदी मीही वापरते! ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. जपानात ते १९७०च्या सुमारापासून वापरात आहे, २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. किडलेल्या जागेवर ब्रशनं एक थेंब टेकवायचा, ड्रिल नाही, इंजेक्शन नाही. कीड बहुधा थांबते, जागा मात्र कायमची काळी पडते. एक आई माझ्यावर उखडली होती, “दात काळा केलात!” तेव्हापासून मी आधी फोटो दाखवते. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली असेल तर याचा उपयोग नाही, म्हणून दाढा आधी दंतवैद्याला दाखवा.

तोवर १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढी, दोन वेळा. आणि रात्री दात घासल्यावर गोड दूध बंद. हे तुम्हालाच जड जाणार, ठाऊक आहे मला.

नातीला माझा एक प्रश्न विचारा : नुसता पाल्याचा अर्क आणि नुसतं सिल्व्हर नायट्रेट, यांची वेगवेगळी कडी तिनं मोजली का? त्याशिवाय जंतू नेमके कशानं मेले, ते कसं कळणार?