खजिना डोक्यातून काढ

उद्या पहिल्यांदाच जुन्या मठाच्या उत्खननाला येतेयस ना? मग एक ऐक. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने तिथले ख्रिस्ती मठ बंद केले, आणि पुढे लोकांनी त्यांचा चांगला दगड उचलून नेला. त्यामुळे बऱ्याचदा भिंत सापडतच नाही, सापडतो तिचा बुजलेला चर, तोही नुसत्या मातीच्या रंगावरून. करणी, म्हणजे गवंड्याची थापी, मातीत खुपसू नकोस, धारेने अलगद आपल्याकडे खरवड. माती ओलसर असतानाच नीट बघ. सुकली की सगळं एकच दिसतं.

फरशीचा तुकडा दिसला तर उचलायचा नाही! इंग्लंडमधल्या रंकॉर्नच्या नॉर्टन प्रायरी या जुन्या मठात १९७०च्या दशकात मध्ययुगीन फरशांची मोठी नक्षीदार जमीन मिळाली. फरशा जागेवर होत्या म्हणूनच नक्षी जुळली. हाड दिसलं तर थांब, पर्यवेक्षकाला हाक मार. आणि गुडघ्याखाली गादी घे, माझे गुडघे गेलेत.