विमान सजलं, पण उडेना

मागच्या अंकात आपण ९० सेंटिमीटर पंखाचं फोमशीटचं रेडिओ कंट्रोल विमान घरी कसं बनवायचं ते बघितलं होतं आणि त्यावर इतकी पत्रं आलीत की टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा नाही (फुशारकी वाटली तर वाटू दे, या सदराचं असं रोज होत नाही). बहुतेकांचं विमान बांधून झालंय आणि घोडं फिनिशिंगला अडलंय, म्हणून यावेळी तेच प्रश्न आधी घेतो.

डोंबिवलीहून, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी: दादा, तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं पण तुमचं विमान ४०० ग्रॅमचं होतं आणि माझं ६०० भरलं. फोमचे जॉइंट दिसत होते म्हणून भिंतीची पुट्टी लावली, घासली, वरून घरात उरलेल्या प्लास्टिक पेंटचे दोन हात मारले, दिसायला एकदम कडक झालंय. मग सीजी (विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू) मागे गेला म्हणून नाकात पाच रुपयांची सहा नाणी चिकटवली, तरी जमेना म्हणून १००० एमएएचच्या (बॅटरीच्या क्षमतेचं माप) जागी २२०० ची बॅटरी टाकली. हातातून सोडलं की दहा-पंधरा पावलं जातं, नाक वर करतं आणि डावीकडे पडतं. मोटर मोठी टाकू का?

अरे मित्रा, मोटरला हात लावू नकोस. तुझी ती २२१२ मापाची मोटर तीन सेलच्या बॅटरीवर नीट प्रॉप (प्रोपेलर) लावला तर ६०० ग्रॅमलाही ओढेल, प्रश्न ओढण्याचा नाहीये. मोठी मोटर घेतलीस की मोटरचा स्पीड सांभाळणारी मोठी ईएससी आली, अजून मोठी बॅटरी आली, आणि विमान ८०० वर गेलं की तू मला परत पत्र लिहिणार.

तुझ्या वाढलेल्या २०० ग्रॅमचा हिशोब करू. पाचाचं नाणं साधारण ६ ग्रॅमचं धरू, सहा नाणी म्हणजे ३६. तीन सेलची १००० ची बॅटरी साधारण ९० ग्रॅम आणि २२०० ची १८० च्या आसपास, म्हणजे तिथे आणखी ९०. उरले ७४, ती तुझी पुट्टी आणि पेंट. म्हणजे खरा गुन्हा ७४ ग्रॅमचा आणि शिक्षा २०० ची, आणि ती कशी झाली तर शेपटीमुळे. आपल्या प्लॅनमध्ये शेपूट सीजीपासून ५४ सेंटिमीटर मागे आहे आणि नाक १८ सेंटिमीटर पुढे, सरळ तिप्पट. जत्रेतल्या सी-सॉसारखं, लांब टोकाला लहान पोर बसलं तरी जवळच्या टोकाला जाडा माणूस लागतो. शेपटीवर १ ग्रॅम पुट्टी लावलीस की नाकात ३ ग्रॅम घालावे लागतात. तुझी सहाच्या सहा नाणी शेपटीवरच्या फक्त १२ ग्रॅम पुट्टीची भरपाई करतायत! बाकीच्या पुट्टीसाठी तू बॅटरी वाढवलीस.

आता पडतं का ते. पंख ९० बाय १८, म्हणजे १६२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे १६.२ चौरस डेसिमीटर. ४०० ग्रॅमला दर चौरस डेसिमीटरवर साधारण २५ ग्रॅम येतात, नवशिक्यासाठी मस्त. ६०० ला ३७ येतात. वजन दीडपट झालं तर हवेत टिकायला लागणारा कमीत कमी स्पीड दीडाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे जवळपास २२ टक्के. तू हात तोच, जोर तोच लावून सोडतोयस, विमानाला मात्र तेवढ्या स्पीडला उभं राहता येत नाही, मग ते नाक वर करतं, पंख स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचलायची ताकद सुटते, आणि जी बाजू आधी स्टॉल झाली तिकडे आडवं पडतं. डावीकडे का पडतं याचं उत्तर बहुतेक त्या पंखावर पेंट जास्त आहे किंवा पंखाला पीळ बसलाय, टेबलावर ठेवून डोळा लावून बघ.

उपाय सांगतो, आवडणार नाही. शेपूट कापून टाक आणि ३ मिलिमीटर डेप्रॉनची (पातळ फोमशीटची) नवीन कर, एका संध्याकाळचं काम आहे. पंखही नवीन केलास तर सोन्याहून पिवळं, कारण पुट्टी खरवडताना फोम निघून येतो. नाणी काढ, त्यांचा वडापाव खा. १००० ची बॅटरी परत लाव आणि तीच पुढे-मागे सरकवून सीजी पंखाच्या पुढच्या कडेपासून ४.५ ते ५.४ सेंटिमीटरमध्ये आण, म्हणजे पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्के. पहिल्या उड्डाणाला ४.५ वरच ठेव.

आणि फिनिशिंगला पुट्टी नको, टेप. रंगीत पॅकिंग टेप, जी खोक्यांना लावतात तीच. आधी पंखाची पुढची कड पॉलिश पेपरने गोल कर, २४० नंबरने सुरुवात आणि ४०० ने शेवट, आणि घासताना हात हलका, फोमवर जोर दिला की तो गुठळ्या होऊन उपटतो. मग ओल्या नाही, किंचित दमट फडक्याने भुगा पूस, भुगा राहिला तर टेप दोन दिवसांत फुगे धरते. टेप मागच्या कडेपासून सुरू करायची आणि पुढे पुढे यायचं, प्रत्येक नवी पट्टी आधीच्या पट्टीवर ५ मिलिमीटर चढवायची, म्हणजे चढलेल्या कडा मागे तोंड करतात आणि वारा त्यांच्यात नख घालत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, टेप ताणू नकोस. रोल हातात धरून खेचत खेचत लावायची आपली खोक्यांची सवय असते, तशी लावलीस की टेप रात्रभरात आखडते आणि सकाळी पंखाची केळ्यासारखी कमान झालेली असते. हवा तेवढा तुकडा आधी कापायचा, सैल सोडायचा, मधून बाहेर अंगठ्याने दाबत न्यायचा. वरून लावलीस की लगेच खालूनही लाव. अख्ख्या पंखाला दोन्ही बाजूंनी लावून माझ्याकडे १५ ग्रॅम वाढले, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजलेले, काटा बायकोचा आहे आणि तिला अजून सांगितलेलं नाही.

लाजू नकोस. मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये पहिलं विमान बनवलं तेव्हा ते आकाशकंदिलासारखं सजवलं होतं, झिरमिळ्या तेवढ्या लावायच्या राहिल्या होत्या, आणि ते आकाशकंदिलाइतकंच उडलं.

गिरगावातून एक आई: मुलगा नववीत आहे. त्याने थर्माकोलचं विमान केलं आणि गॅलरीत स्प्रे पेंट मारला तर पंखाला भोकंच पडली, चाळणी झाली, रडून गोंधळ. त्याआधी फेविक्विक लावलं तेव्हाही असंच झालं होतं. फेविकॉल लावलं तर दोन दिवस वाळत नाही. मग लावायचं काय? आणि आता थर्माकोल मिळतही नाही.

ताई, त्याला सांगा की हे प्रत्येकाचं एकदा होतंच. थर्माकोल आणि डेप्रॉन दोन्ही पॉलिस्टायरिन, आणि स्प्रेच्या डब्यातलं थिनर पॉलिस्टायरिन विरघळवतं, साखर पाण्यात जाते तसं. फेविक्विकचंही तेच, आणि चपलेला लावायच्या पिवळ्या रबरी गमचंही तेच. फोमला चालणारं वेगळं फेविक्विकसारखं ग्लू हॉबीच्या दुकानात मिळतं, पण महाग आहे आणि नववीतल्या मुलाला लागत नाही. नियम एकच ठेवा, नवीन कुठलीही वस्तू आधी कापून उरलेल्या तुकड्यावर लावायची, अर्धा तास थांबायचं, मग विमानावर.

फेविकॉल उत्तम आहे, फक्त त्यातलं पाणी बाहेर पडायला वाट लागते आणि फोम दोन्ही बाजूंनी बंद, त्यात आपली मुंबईची जुलैची हवा, मग ते आत पांढरंच राहतं. पातळ थर लावून दोन्ही तुकडे एकदा चिकटवायचे, लगेच उघडायचे, दहा-पंधरा मिनिटं वारा द्यायचा, चिकट झालं की परत जोडायचे आणि टाचण्या मारून रात्रभर ठेवायचे. ग्लू गन घाईला चालते पण टोक जास्त तापलं की तीही फोम वितळवते, आणि ग्लूच्या कांड्या जड असतात, हात सैल सोडला तर विमानाचा भाव किलोत जातो.

रंगाला स्टेशनरीच्या दुकानातला अ‍ॅक्रिलिक कलर घ्या, तो पाण्यातला असतो. ब्रशने नको, स्पंजच्या तुकड्याने थोपटत लावायला सांगा, कमी रंगात जास्त भाग होतो आणि ब्रशचे ओघळ येत नाहीत. आणि अख्खं विमान रंगवायचंच नाही! वरची बाजू भडक, लाल किंवा केशरी, आणि खालच्या बाजूला काळे रुंद पट्टे, बास. लांब गेल्यावर विमान आपल्याकडे येतंय की जातंय, सरळ आहे की उलटं, हे त्या पट्ट्यांवरूनच कळतं. पोरांना आकाशी निळा फार आवडतो, मुंबईच्या धुरकट आभाळात ते विमान दोन मिनिटांत दिसेनासं होतं.

चाळणी झालेला भाग चौकोनी कापून त्याच जाडीचा तुकडा बसवा, वरून टेप, कळणारही नाही. थर्माकोलचं म्हणाल तर २०१८ च्या बंदीनंतर मखरवाल्यांकडच्या मोठ्या शीट गेल्या, पण टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातलं पॅकिंग कुणाकडे ना कुणाकडे पडलेलं असतं, बिल्डिंगमध्ये सांगून ठेवा. आणि पंख मधे मोडू नये म्हणून आत कण्याला आकाशकंदिलाची कामटी घाला, गिरगावात ती कुठे मिळते हे मी तुम्हाला काय सांगणार.

परळहून: सनबोर्डचं केलं तर चालेल का? मजबूत वाटतो.

सनबोर्ड मागितलात की दुकानदार कधी पीव्हीसीचा देतो आणि कधी दोन्ही बाजूंनी कागद लावलेला फोमबोर्ड देतो, दोन्हीला नाव तेच. पीव्हीसीचा अजिबात नको, ३ मिलिमीटरची शीट हातात घेतली तरी मनगटाला कळतं, त्याची पाटीच बनते. कागदवाला चालतो पण पावसाळ्यात कागद सुटून पापड होतो, तो घेतलात तर कापलेल्या सगळ्या कडा लगेच टेपने बंद करा.

भांडुपहून: लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी थोडी फुगली आहे पण अजून चालते. वापरू का?

नाही. चार्जिंगलाही लावू नका, टोचू नका, घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेतात तिथे द्या. नव्या बॅटरीला पूर्ण चार्ज म्हणजे सेलला ४.२ व्होल्ट आणि उडवून खाली आल्यावर ३.५ च्या खाली गेलेली नसावी. आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ वर आणून ठेवा, पूर्ण भरून कपाटात ठेवली की फुगणारच. आणि चार्जिंग समोर बसून, फरशीवर, रात्री झोपताना नाही.

विलेपार्ल्याहून एक निवृत्त वाचक: नातवासाठी विमान बनवलं, तुमच्या सूचनेप्रमाणे ४१० ग्रॅमला बसवलं. आता उडवायचं कुठे? समोरच्या मैदानात वॉचमन नाही म्हणाला.

काका, ४१० म्हणजे शाब्बास, पण वॉचमनचं बरोबर आहे. तुम्ही राहता तिथे एका बाजूला मोठा एअरपोर्ट आणि दुसऱ्या बाजूला जुहूचा एरोड्रोम, जिथे १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, तो आजही चालू आहे आणि हेलिकॉप्टरं उठतात. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी आदेश काढून ड्रोन, रिमोटवरची मायक्रोलाइट विमानं, पॅराग्लायडर यांच्यावर बंदी घालतात, आणि पोलिसाला तुमचं थर्माकोल आणि ड्रोन यातला फरक समजावत बसायची वेळ नातवासमोर येऊ नये. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार डिजिटल स्काय नावाच्या सरकारी साइटवर लाल, पिवळ्या, हिरव्या झोनचा नकाशा आहे, जायच्या आधी तो उघडा, लाल दिसलं की विषय संपला. शहराबाहेर कर्जत, बदलापूरच्या पुढे कापणी झालेली शेतं मिळतात, मालकाला विचारून, नकाशा बघून. पनवेल भागात पूर्वी लोक जायचे, आता तिकडे नवी मुंबईचा एअरपोर्ट झालाय.

पंख रबरबँडने बसणारा असेल तर सुटा करून जुन्या चादरीत गुंडाळा, सकाळच्या पहिल्या गाड्यांना जा, आणि पंख वरच्या रॅकवर ठेवू नका, कुणीतरी त्यावर बॅग टाकतोच, नातवाला उभा धरायला द्या. शेतात सकाळी ७ ते ९ वारा कमी असतो. घारी जवळ आल्या तर खेळत बसू नका, खाली उतरवा, त्या थकत नाहीत आणि आपली बॅटरी आठ मिनिटांची. संक्रांतीच्या आठवड्यात मांज्यामुळे जाऊच नका. आणि रविवारी निघताना मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे तेवढं बघून निघा, मागच्या महिन्यात मी विमान काखेत घेऊन कल्याणला दीड तास उभा होतो आणि प्लॅटफॉर्मवरच्या प्रत्येक माणसाने केवढ्याला घेतलं ते विचारलं.